पथ्याची पाने

तंजावूरला मी ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घरात रोज तिन्हीसांजेला मेलेल्या माणसांना पथ्याचे वाढत असत. हे मला तिथे राहायला गेल्यावर बऱ्याच दिवसांनी कळले. आधी कळले असते तर मी ती खोली घेतली नसती, असे मी पुढे अनेकांना सांगितले. पण ते तितकेसे खरे नाही.

घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत होते. लांबट, अरुंद, पुढे बसायला उंच तिण्णै, म्हणजे ओटा, आत लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन. माझी खोली माडीवर, आणि तिचा जिना मधल्या खोलीतूनच वर जायचा. बँकेने माझी बदली साताऱ्याहून थेट इतक्या दूर केली तेव्हा आईला एकच काळजी होती, तिथे मराठी बोलायला कोण भेटणार. घरमालक पहिल्याच दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "या, या. ऊन लागले असेल. पाणी होणा का?"

'पाहिजे'ला ते 'होणा' म्हणत, विचारण्याला 'पुसणे', आणि बोलताना प्रत्येक वाक्याला शेवटी तमिळसारखा हेल येई. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले घराणे. मराठी सगळी तोंडातली, नागरी लिपी त्यांना वाचता येत नव्हती. माझ्या पुस्तकांवर बोट फिरवून म्हणत, "भाषा आमची, अक्षरे तुमची." मी त्यांना मामा म्हणू लागले, त्यांच्या बायकोला मामी.

मामा वीजखात्यातून निवृत्त झालेले. उंच, हाडकुळे, पांढरी वेष्टी नेसलेले. कपाळाला काही नाही, अंगात शर्ट बाहेर जातानाच. चालताना त्यांचा आवाज होत नसे. स्वयंपाकघरात मामींच्या मागे येऊन उभे राहत आणि मामी दचकून पळी टाकत. त्यावर ते हसत नसत. पळी उचलून, धुऊन परत त्यांच्या हातात देत.

त्यांची एक गोष्ट मला सुरुवातीला फार आवडली होती. ते कोणाच्याही खाण्याबद्दल बोलत नसत. मी बँकेतून उशिरा येई, फोनवरून परोठा आणि साल्ना, म्हणजे पातळ रस्सा, मागवी, सोबत गोड पेयाची बाटली. ते आणणारा माणूस हाक मारी तेव्हा मामा तिण्णैवरच असत. पुडके स्वतः घेऊन माझ्या हातात देत. ते गरम आहे ना, एवढेच हाताने पाहत. माझे वडील असते तर तासभर बोलले असते. मी एकदा मामांना तसे म्हणालेही.

ते म्हणाले, "जिवंत माणसास भूक ऐकू येते, बाळ. दुसरे काही ऐकू येत नाही. म्हणून मी बोलायचे सोडले."

एके दिवशी पाण्याची मोटर चालेना म्हणून मी संध्याकाळी खाली आले. मधल्या खोलीच्या पलीकडे देवघराशेजारी एक लहान खोली होती. तिचे दार एरवी बंद असे. त्या दिवशी उघडे होते. आत जमिनीवर तीन केळीची पाने मांडलेली, तिन्हीसमोर पाट, पाण्याचे तीन पेले. पानांवर वाढलेले. आणि पाटांवर कोणी नाही. मामा समोर पळी घेऊन उभे होते आणि मधल्या पानाकडे वाकून हळूच म्हणत होते, "खा. आता तरी खा."

मी जिन्याशीच थांबले. त्यांनी मान वळवली, पण पाहुण्यांच्या जेवणात कोणी आले तर जसे बोलतात तसेच म्हणाले, "जेवणे चालली आहेत. थोडे थांब."

मी थांबले. का ते माहीत नाही. मोटरचे राहूनच गेले.

मामींनी मला दुसऱ्या दिवशी सगळे सांगितले. मामी गोऱ्या, ठेंगण्या, सतत काहीतरी चघळणाऱ्या, हसताना पोट हलणाऱ्या. मधल्या खोलीतल्या झोपाळ्यावर बसून कापीचा, म्हणजे कॉफीचा, स्टीलचा पेला वाटीत उंचावरून ओतत, फेस काढत त्यांनी सांगितले की पहिले पान मामांच्या थोरल्या भावाचे, दुसरे बहिणीचे, तिसरे आईचे.

"थोरल्यांस गोड लागे," मामी म्हणाल्या. "कापीत इतकी साखर घालीत की खाली चिखल राही. तिरुवैयारुचा अशोका हलवा तर जीव की प्राण. साखरेचा रोग झाला, तरी सोडिला नाही. मग पायास जखम झाली. बोट काढिले, मग पाऊल, मग गुडघ्याखाली सगळे. कुबडी घेऊन ह्या खोलीत हिंडत."

"आणि बहीण?"

"त्यांस मीठ. जेवताना डाव्या हाताशी मिठाची वाटी. अप्पळम म्हणजे तुमचे पापड, लोणचे, ताकात मीठ, फळावर मीठ. रक्ताचा दाब चढला. एके दिवशी वाढता वाढता तोंड वाकडे झाले नि वाचा गेली. मग शब्द म्हणून नाही. नुसती बघत राहात. सासूबाईंचे तर काय सांगू. सगळ्यांचे झाल्यावर उरलेला थंड भात, आणि भूक मारायला कापी. जन्मभर. हाडे अशी झाली होती, उचलताना मोडायची."

मामींनी कापीचा घोट घेतला. "यांनी तिघांचे केले. हातांनी केले. आता पथ्य करतात त्यांचे."

"आता?"

"मेलेली माणसे हट्ट करीत नाहीत, असे हे म्हणतात."

मग मला रोजच ते दिसू लागले, कारण मामांना लपवायचे नव्हतेच. थोरल्यांच्या पानावर नाचणीची कंजी म्हणजे पेज, उकडलेली भाजी, पावक्काय म्हणजे आपले कारले, गूळ न घालता केलेले. शेजारी साखरेविना कापी, अगदी थोडी. बहिणीचे सगळे बिनमिठाचे, वर लिंबू आणि मिरी. आईचे पान सगळ्यांत आधी वाढायचे. चुलीवरून उतरवलेले, वाफ निघत असलेले, डाळ, भाजी, दही, तूप. "तिला गरम होणा," मामा म्हणत. आई जेवू लागल्याशिवाय ते बाकीच्या पानांना हात लावत नसत. ती जेवू लागली हे त्यांना कसे कळे, ते मी कधी विचारले नाही.

मामी थट्टा करत. एकदा पाने उचलल्यावर त्यांनी थोरल्यांच्या पानातली कारल्याची फोड मला दिली. "खाऊन बघ."

मी खाल्ली. ती कडू नव्हती. ती काहीच नव्हती. ओला कागद चावावा तशी. मामींनी मग भांड्यातली, न वाढलेली फोड दिली. तिच्या कडूपणाने माझे डोळे मिटले.

"त्यातले ते जेवून जातात," मामी म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण माझ्या हातातली उरलेली फोड त्यांनी काढून घेतली.

रविवारी दुपारी मी खोलीत पडून असे. बाहेर ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही, राजवाड्याच्या मनोऱ्यावर पारवे. खाली आवाज येई. पाऊल, मग टक्. पाऊल, मग टक्. मधल्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्यांदा वाटले मामी खलबत्त्यात काही कुटत आहेत. पुढच्या रविवारी मी जिन्यावरून वाकून पाहिले. मामी झोपाळ्यावर झोपल्या होत्या. मामा भिंतीला टेकून बसले होते, आणि खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे त्यांची मान हळूहळू वळत होती, चालत्या माणसाकडे बघताना वळते तशी. टक् त्यांच्या नजरेबरोबर पुढे सरकत होती.

त्यांनी वर माझ्याकडे पाहिले. "पूर्वी चार पावले जात नसत," ते म्हणाले. "आता सुधारते आहे."

मी खोलीत जाऊन पंखा मोठा केला.

मी तिथून का निघाले नाही? पहिले कारण असे की माझ्या भाषेत मला कोणी हाक मारणारे त्या गावात तेवढेच होते. दुसरे कारण सांगायला अवघड आहे. त्या खोलीत भीती वाटे, पण वाईट वाटत नसे. एखाद्या इस्पितळात रोगी बरे होत असावेत आणि आपण फक्त व्हरांड्यात उभे असावे, तसे काहीसे. एकदा मामी तिरुवैयारुला बहिणीकडे गेल्या होत्या, मामा बाजारात. घराला बाहेरून कुलूप, वर मी एकटी. खालून बाईचा आवाज आला. एकेक अक्षर जोडत, लहान मूल वाचते तसा. काय म्हणत होती ते कळले नाही. मामा आल्यावर मी सांगितले तेव्हा त्यांच्या हातातली भाजीची पिशवी सुटली. भोपळा गडगडत दारापर्यंत गेला.

"बोलली?" ते म्हणाले. "अक्का बोलली?" आणि तिण्णैवर बसून ते वेष्टीच्या टोकाने डोळे पुसू लागले. त्याच दिवशी त्यांनी मला आपले सांगितले.

"थोरल्यांस तो हलवा मीच आणून देई. तिरुवैयारुस माझे ऑफिसचे काम निघे. पायास पट्टी बांधलेली, तरी पुसत, आणलास का? मी आणी. अक्काचे अप्पळम मी वाळवी. आई शेवटी जेवे ते मी रोज बघे. आमच्या घरात माया म्हणजे एवढेच ठाऊक होते. जो जे मागेल ते त्यास द्यायचे, जो मागत नाही त्यास पुसायचे नाही."

"पण मामा, मग मामींना तरी सांगा. त्यांचीही साखर वाढलेली आहे. कापीत तीन तीन चमचे घालतात."

"तिघे गेल्यावर किती वर्षे सांगितले. भांडलो, डबे लपविले. ती शेजारी जाऊन खाई. आता मी थकलो." मग हळूच म्हणाले, "तिची पाळी आली म्हणजे करीन."

ते ज्या शांतपणे हे म्हणाले, त्याचीच मला त्या घरात सगळ्यांत जास्त भीती वाटली.

त्या सुमारास मामी जरा अडखळत चालू लागल्या होत्या. विचारले तर म्हणत, चप्पल चावते. घरात त्या चप्पल घालत नसत. पण मी लक्ष दिले नाही, आणि मामांचे सगळे लक्ष पलीकडच्या खोलीत.

मग ती संध्याकाळ. वीज गेली होती. मामांनी खोलीत समई लावली होती आणि मी उजेडासाठी खालीच बसले होते. मामी झोपाळ्यावर, हातात कापी. मामा ओल्या फडक्याने पाने पुसून मांडत होते. एक मांडले, दुसरे मांडले, तिसरे मांडले. मग आत जाऊन ते आणखी एक पान घेऊन आले. थोरल्यांच्या पानाशेजारी भिंतीलगत जागा होती. तिथे ते त्यांनी ठेवले, आणि पाट ओढला.

झोपाळ्याची कडी थांबली.

"ते कोणाचे?" मामी म्हणाल्या.

मामा पान पुसत राहिले.

"पुसते मी. कोणाचे?"

"तुझे."

"मी तर हितेच आहे."

"ठाऊक आहे." मामा अजून पानाकडेच बघत होते. "काल थोरले सरकून बसले. अक्काकडे सरकले. मी पुसले, का म्हणून. म्हणाले, भिंतीकडे एका पानास जागा होणा." मग त्यांनी मान वर केली. "कोणासाठी, तेही पुसले. त्यांनी तुझ्या पायाकडे बोट केले. मला काही कळले नाही. तुझ्या पायास काय झाले आहे?"

मामींचा पेला कलंडला. कापी लाल जमिनीवरून समईच्या उजेडापर्यंत वाहत गेली.  मग त्यांनी पाय वर घेतला आणि साडीची कड बाजूला केली.

अंगठ्याखाली जखम होती. काळपट, ओली, कडा सुजलेली. मला वास आला आणि मी तोंड फिरवले. "दुखत नाही," मामी लहान मुलीसारख्या म्हणाल्या. "काहीच दुखत नाही. म्हणून सांगितले नाही."

मामा त्या जखमेकडे बघत राहिले. तशीच त्यांनी आधी एकदा थोरल्या भावाच्या पायावर बघितली होती. मी रिक्षा बोलावायला धावले.

डॉक्टरांनी मामींना ठेवून घेतले. पाहताच त्यांनी सुनावले की पायाला बधिरपणा आला आहे, दुखत नाही हेच वाईट लक्षण, आणखी थोडे थांबला असता तर बोट गेले असते. बोट वाचले. इन्सुलिन सुरू झाले. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मामा त्या खोलीत पाने मांडत होते. चौथे पान हातात घेऊन ते दारातच उभे राहिले, मांडावे की नाही ते त्यांना कळेना.

मामी भिंतीला धरत आत गेल्या. त्या खोलीत मी त्यांना कधी पाऊल टाकताना पाहिले नव्हते. त्यांनी पान नवऱ्याच्या हातातून घेतले, भिंतीलगत ठेवले आणि पाटावर बसल्या.

"मेल्यावर तुम्ही हेच वाढणार ना?" त्या म्हणाल्या. "मग आताच वाढा. गरम तरी मेळेल."

मामांनी पेल्यात कंजी वाढली. मामींनी पहिला घोट घेतला, तोंड वाकडे केले. "किती बेचव."

आणि मग त्यांनी शेजारच्या रिकाम्या पाटाकडे वळून पाहिले, जसे कोणी काही बोलल्यावर आपण पाहतो. थोडे थांबून म्हणाल्या, "होय. सवय होईल."

झाली. फार हळू झाली. मामी रडल्या, चिडल्या, एकदा हलव्याचा डबा घेऊन गच्चीवर माझ्या खोलीमागे बसल्या. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी डबा माझ्या हातात दिला. पण संध्याकाळचे पान त्यांनी चुकवले नाही. त्या म्हणत, "चारचौघांत बसले की हात पुढे जात नाही." जखम भरत आली. डॉक्टरांनी औषधाचे प्रमाण उतरवले. नवराबायको सकाळी राजवाड्याभोवती फेरी मारू लागली. मामा दोन पावले मागे, मामींच्या टाचांकडे बघत.

मामींची पट्टी कायमची सुटली त्या आठवड्यातल्या एका दुपारी मी घरी होते. खाली पावले वाजली. मी सवयीने टक् ऐकायला थांबले. टक् आली नाही. पाऊल, मग पाऊल. दोन्ही सारखी, जरा भरभर. मधल्या खोलीतून ती दाराकडे गेली. दाराची साखळी हलली. मग तिण्णैच्या पायऱ्या. मग काही नाही.

मी खाली गेले तर मामा उघड्या दारात उभे होते. गल्लीत ऊन रखरखत होते.

"चालत गेले," ते म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी मोकळा झाला होता. "मागे वळूनसुद्धा पाहिले नाही."

त्या संध्याकाळी तीन पाने मांडली गेली. पुढे काही महिन्यांनी अक्काचेही मांडणे थांबले. तेव्हा काय ऐकू आले ते मामांनी सांगितले नाही. आईचे मात्र राहिले. "त्या जात नाहीत," मामी म्हणत. "आधी जेवायची गोडी लागली आहे त्यांस. जाऊ द्या, बसू द्या."

माझी बदली पुण्याला झाली. फोन होत राहिले. माझे खाणे तंजावूरला थोडे सुधारले होते, ते पुण्यात पुन्हा पूर्वीसारखे झाले. उशीर, बाहेरचे, मीटिंगमध्ये बिस्किटे, दुपारी थंड गोड बाटली. मग मामींचा फोन आला. मामा दुपारी वामकुक्षीला पडले ते उठले नाहीत. कसला रोग नव्हता. म्हातारे झाले होते, इतकेच.

मला लगेच जाता आले नाही. सुटी मिळाली त्याच्या थोडे आधी ऑफिसात सगळ्यांच्या रक्ततपासण्या झाल्या. माझा अहवाल आला. साखर वाढलेली होती, नुसती सीमेवर नव्हती. मी तो फोनमध्ये बंद केला आणि कोणालाच सांगितला नाही. आईला नाही, मैत्रिणीलाही नाही. तंजावूरच्या गाडीत मी खिडकीशी बसून गोड चहाच पीत होते.

मामी बारीक झाल्या होत्या, पण ताठ चालत होत्या. माझा हात धरून त्यांनी मला घरभर फिरवले. मामांच्या वेष्ट्या घडी करून ठेवल्या होत्या. रडून झाले. तिन्हीसांज झाली. मामींनी ती खोली उघडली, समई लावली. आईचे पान मांडले, मग भिंतीलगत स्वतःचे. मी दाराशी बसले. मला वाटले आता मामांचे पान मांडतील. त्यांना काय वाढतील, असा विचार माझ्या मनात आला. जन्मभर जपून खाल्लेल्या माणसाचे कसले पथ्य करायचे?

"मामांचे?" मी विचारले.

"त्यांस काही होणा म्हणून नाही," मामी म्हणाल्या. "ते जेवायला येत नाहीत."

त्या पाटावर बसल्या. पातेले कोपऱ्यात, त्यांच्या हातापासून दूर होते. त्यांनी पानावर पाणी शिंपडले आणि वाट बघत राहिल्या. मग कोणी वाढताना आपण करतो तसा त्यांनी पानावर हात आडवा धरला. "पुरे. अहो, पुरे म्हटले ना."

त्यांनी हात बाजूला केला. पानावर वाफ होती. मी समईकडे पाहिले, मग पुन्हा पानाकडे. मामी जेवू लागल्या होत्या.

"अगे, तिकडे काय बसलीस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुझे पान कधीचे मांडून ठेवले आहे."

माझ्या उजव्या हाताला, दाराच्या आड, पान होते. आले तेव्हा मला ते दिसले नव्हते. पुसलेले, ओले.

"मामी, मला भूक नाही. गाडीत चहा झालाय."

"मला नको सांगूस. मी मांडिले नाही ते." मामींनी घास घेतला, चावला, गिळला. "तुझ्या कागदात काय लिहून आले ते मला ठाऊक नाही. त्यांस ठाऊक आहे. सकाळपासून कारली चिरायला लावली."

माझ्या मागे कोणी चालले नाही. आवाज झाला नाही. त्यांच्या चालण्याचा होतच नसे. फक्त उष्ण वाफेचा आणि कारल्याचा वास माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि तिथेच थांबला, पंगतीत वाढपी आपल्यासाठी खोळंबतो तसा.

मी मांडी घातली आणि पान पुढे ओढले.